करडईचे फूल आणि ऑक्सिजनचा मास्क

पौष-माघात मराठवाड्याच्या काळ्या रानात करडई फुलते. काटेरी बोंडांवर पिवळ्या-केशरी पाकळ्यांचे झुबके येतात आणि वाळत जाताना लालसर होतात. आपल्याला करडई ठाऊक आहे ती घाण्याच्या तेलासाठी आणि कोवळ्या पानांच्या भाजीसाठी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तिचे वाण काढले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांच्या करडईवर आणि पाकळ्यांच्या चहावर काम केले. चीनमध्ये या पाकळ्या शेकडो वर्षे औषधात पडत आल्या आहेत. आज तिथल्या अतिदक्षता विभागांत गंभीर न्युमोनियाच्या रुग्णाला शिरेतून दिल्या जाणाऱ्या ‘श्वेबिजिंग’ नावाच्या इंजेक्शनात याच करडईच्या पाकळ्यांचा अर्क असतो.

हे ऐकल्यावर कुणी म्हणेल, औषध आपल्या बांधावर आहे आणि आपण अँटिबायोटिकच्या मागे धावतो. दुसरा म्हणेल, पाल्यापाचोळ्याने कुठे न्युमोनिया बरा होतो? दोघेही घाई करतात. जुने वैद्यक आणि आधुनिक वैद्यक गंभीर आजारात एकत्र येऊ शकतात का, या प्रश्नाचे उत्तर अभिमानातून मिळत नाही आणि तुच्छतेतूनही मिळत नाही. ते रुग्णाच्या खाटेशी, मोजमाप करूनच मिळते.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न पुस्तकी नाही. १९५६ मध्ये सुरू झालेले इथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय मराठवाडाभर ‘घाटी’ म्हणून ओळखले जाते. जालना, बीड, परभणी, शेजारचा बुलडाणा, अहिल्यानगर अशा सगळीकडून अवघडलेले रुग्ण इथे येतात. न्युमोनियाचा रुग्ण घाटीच्या दारात पोहोचतो तोवर त्याच्यावर बहुतेक वेळा दोन-तीन पद्धतींचे उपचार होऊन गेलेले असतात. घरी अडुळशाचा काढा, गवती चहा-आल्याची वाफ, छातीला तेल लावून शेक. मग गावातल्या बीएएमएस डॉक्टरांची गोळी आणि इंजेक्शन. कुठे मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली पुडी. पद्धतींचा मेळ आपल्याकडे कधीचाच घातला गेला आहे. तो केसपेपरवर लिहिला जात नाही, एवढेच.

फुफ्फुसात नेमके काय होते

आपल्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की एका बाजूची हवा आणि दुसऱ्या बाजूचे रक्त यांच्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतर उरते. ऑक्सिजन तेवढे अंतर ओलांडून रक्तात जातो. न्युमोनियात जंतू या वायुकोशांत शिरतात. त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी धावतात, रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी आणि प्रथिने कोशांत झिरपतात आणि जिथे हवा असायला हवी तिथे पू आणि पाणी साचते. श्वास चालू असतो, हवा आतही जाते, पण रक्तापर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही.

आजार गंभीर होतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे बरेचसे फुफ्फुस अशा रीतीने बंद पडते. दुसरे कारण जास्त घातक असते. जंतूंविरुद्ध पेटलेला दाह फुफ्फुसापुरता राहत नाही, तो रक्तातून सर्वांगात पसरतो. रक्तदाब खाली येतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात, मूत्रपिंडे थकतात. या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. इथे अँटिबायोटिकने जंतू मेले तरी शरीराने स्वतःच भडकवलेला दाह रुग्णाला ओढून नेऊ शकतो. चिनी औषधाचा दावा नेमका याच जागेवर आहे, म्हणून ही जागा नीट लक्षात ठेवायला हवी.

गांभीर्य ओळखायला डॉक्टर साध्या पाच गोष्टी पाहतात: रुग्ण गोंधळल्यासारखा बोलतो का, रक्तातील युरिया वाढले आहे का, श्वास मिनिटाला तीस किंवा त्याहून जास्त आहेत का, रक्तदाब घसरला आहे का आणि वय पासष्ट किंवा त्याहून अधिक आहे का. यातल्या तीन किंवा अधिक गोष्टी जुळल्या तर रुग्ण रुग्णालयातच हवा, आणि अतिदक्षता विभागाचा विचार लगेच व्हायला हवा.

उपचाराचा पाया ठरलेला आहे. योग्य अँटिबायोटिक शक्य तितक्या लवकर, ऑक्सिजन, रक्तदाब सांभाळणे, गरज पडली तर व्हेंटिलेटर, काही रुग्णांना पालथे झोपवणे. अँटिबायोटिक येण्याआधीच्या काळात न्युमोकॉकस जंतूच्या न्युमोनियाने दर तीन-चार रुग्णांमागे एक जण दगावत असे. सल्फाची औषधे आणि पाठोपाठ पेनिसिलिन आले तेव्हा हे चित्र पालटले. या पायाला धक्का लावणारा कोणताही ‘मेळ’ हा मेळ नव्हे. तो रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

चीनने काय केले

१९५० च्या दशकात चीनच्या नव्या सरकारने पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरांना पारंपरिक चिनी वैद्यक शिकायला लावले. १९५५ मध्ये बीजिंगला पारंपरिक वैद्यकाची केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली. डॉक्टर कमी, औषधे महाग आणि लोकसंख्या अफाट, अशी तेव्हा व्यावहारिक अडचण होती; राष्ट्राभिमानही होताच. या धोरणातून तिथे ‘दोन्ही वैद्यकांचा मेळ’ ही स्वतंत्र शाखाच तयार झाली. तिच्यातले डॉक्टर एकाच वॉर्डात एक्स-रेही वाचतात आणि नाडीही पाहतात.

श्वेबिजिंगची कुळकथा या वातावरणातली आहे. त्याचे मूळ एका जुन्या काढ्यात सापडते. हा काढा वांग छिंगरन या वैद्याने १८३० मध्ये आपल्या ग्रंथात दिला होता. वांग हा विलक्षण माणूस. साथीत दगावलेल्या आणि उघड्यावर टाकलेल्या मुलांची प्रेते जवळून पाहून, जुन्या ग्रंथांतली शरीररचना चुकीची आहे असे त्याने लिहून ठेवले. परंपरेत राहून परंपरा तपासण्याचे असे धैर्य दुर्मीळच. पुढे दीडशे वर्षांनी तिआनजिन शहरातले अतिदक्षता-तज्ज्ञ वांग जिन्दा यांनी त्या काढ्याच्या आधाराने इंजेक्शनवर काम केले. सेप्सिसमध्ये फक्त जंतू मारून भागत नाही, जंतूंचे विष आणि शरीराचा दाह यांवरही एकाच वेळी उपाय हवा, हा त्यांचा विचार होता. करडईच्या पाकळ्यांसह पाच वनस्पतींचा अर्क असलेल्या या इंजेक्शनाला चीनमध्ये २००४ मध्ये मान्यता मिळाली. सार्सची साथ तेव्हा नुकतीच ओसरली होती.

मान्यता मिळणे वेगळे आणि पुरावा मिळणे वेगळे. पुरावा यायला आणखी पंधरा वर्षे गेली. २०१९ मध्ये ‘क्रिटिकल केअर मेडिसिन’ या नियतकालिकात चीनमधल्या ३३ रुग्णालयांतली चाचणी प्रसिद्ध झाली. गंभीर न्युमोनियाचे ७१० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, अतिदक्षता हे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना सारखेच मिळाले. एका गटाला जोडीला श्वेबिजिंग दिले, दुसऱ्याला औषध नसलेले सलाईन. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत सलाईनच्या गटात २४.६ टक्के रुग्ण दगावले, श्वेबिजिंगच्या गटात १५.९ टक्के. २०२३ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये सेप्सिसच्या १,८१७ रुग्णांची आणखी मोठी चाचणी आली. तिच्यात रुग्णाला आणि डॉक्टरलाही कुणाला काय मिळते आहे हे ठाऊक नव्हते. तिथे मृत्यूचे प्रमाण २६.१ टक्क्यांवरून १८.८ टक्क्यांवर आले.

हे आकडे लहान नाहीत. शंभर रुग्णांमागे सात ते नऊ जीव वाचणे ही अतिदक्षता विभागात फार मोठी गोष्ट असते. तरी यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. करडईच्या चहाने न्युमोनिया बरा होतो, असे यातून सिद्ध होत नाही. पाकळ्या उकळून पिणे आणि शुद्ध केलेला ठरावीक अर्क शिरेतून देणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘रक्त साकळल्याने आजार होतो’ ही चिनी वैद्यकाची उपपत्ती खरी आहे, हेही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की पूर्ण आधुनिक उपचारांच्या जोडीला दिलेल्या या विशिष्ट इंजेक्शनाने, चीनमधल्या त्या रुग्णांत, मृत्यू कमी झालेले दिसले. दोन्ही चाचण्या चीनमध्येच झाल्या आहेत. दुसऱ्या देशांतल्या स्वतंत्र डॉक्टरांनी तोच निकाल काढून दाखवला, तरच जग त्यावर विसंबेल.

चीनच्या वाटचालीला दुसरी बाजूही आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत तिथल्या ९२ टक्के रुग्णांना पारंपरिक औषधे दिली, असे सरकारच्या जून २०२० च्या श्वेतपत्रिकेत म्हटले आहे. जवळजवळ प्रत्येकाला औषध दिले की तुलनेला कुणी उरतच नाही. बरे झालेले लोक औषधाने बरे झाले की आपोआप, हे मग सांगता येत नाही. साथीच्या काळात सरकार उत्साहाच्या भरात संशोधनाची अशी वाट बंद करते, हा धडाही चीनकडूनच घ्यायचा आहे.

महाराष्ट्राला चिनी वैद्यकाशी जोडणारा एक माणुसकीचा धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकात होते. पथकातले आणखी एक सहकारी डॉ. विजय बसू १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले. आधुनिक शल्यचिकित्सा घेऊन गेलेले पथक आणि तिथली सुई घेऊन परतलेला डॉक्टर: देवाणघेवाण दोन्हीकडून झाली ती अशी.

देवगिरीपासून वर्ध्यापर्यंत

आपल्याकडे काय आहे? संभाजीनगरपासून घटकाभराच्या वाटेवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तिथल्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. आयुर्वेदाच्या अभ्यासात ती आजही वाचली जाते. या मातीत वैद्यकाचा गंभीर अभ्यास झाला आहे, हे अभिमानाने सांगावे.

तो अभ्यास किती प्रामाणिक होता तेही सांगावे. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यातले पहिले तीन, ज्यांत रुग्णाला धाप लागते, शुद्ध हरपते, श्वास तुटक होतो, ते चरकाने प्राणघातक म्हणून वेगळे काढले. तिथे वैद्याच्या हाती फारसे काही नाही, हे त्याने लपवले नाही. गंभीर न्युमोनियात आजचा डॉक्टर जे चित्र पाहतो ते याच्या अगदी जवळ जाते. चरकाने जिथे हात टेकले तिथे ऑक्सिजन, अँटिबायोटिक आणि व्हेंटिलेटर यांनी वाट काढली. म्हणून धाप लागलेल्या रुग्णाला काढ्यावर थांबवून ठेवणारा माणूस आधुनिक वैद्यकाचाच अवमान करतो असे नाही. तो चरकाचेही ऐकत नाही.

तरीही परंपरेने आधुनिक औषधाला दिलेले थोडे नाही. कुंपणाला लावतात त्या अडुळशाच्या पानांत व्हॅसिसिन नावाचे द्रव्य असते. त्याच्यावरून गेल्या शतकाच्या साठच्या दशकात ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले आणि पुढे त्याच्यापासूनच अँब्रॉक्सॉल. मेडिकलच्या फळीवरच्या खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावे छापलेली दिसतात. हा मेळ यशस्वी झाला, कारण पानातले द्रव्य ओळखले गेले, त्याचे प्रमाण ठरले, परिणाम मोजले गेले. मात्र कफ पातळ होणे म्हणजे न्युमोनिया बरा होणे नव्हे.

पिंपळीची गोष्ट आणखी बोलकी आहे. सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू जुने वैद्य दुसऱ्या औषधात मिसळत, औषधाचा गुण वाढावा म्हणून. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने याचे कारण शोधले. मिरी-पिंपळीतले पायपेरिन आतड्यातून औषध शोषायला मदत करते आणि यकृताला ते लवकर मोडू देत नाही. त्यावरून क्षयाच्या रिफाम्पिसिनचा डोस ४५० मिलिग्रॅमवरून २०० मिलिग्रॅमवर आणून जोडीला १० मिलिग्रॅम पायपेरिन घातलेली गोळी तयार झाली. फुफ्फुसाच्या आजारात जुने आणि नवे हातात हात घालून चालल्याचे भारतातले हे उत्तम उदाहरण आहे.

पण याच उदाहरणात धोकाही दडलेला आहे. पायपेरिन जसे रिफाम्पिसिन वाढवते तसेच दम्याचे थिओफिलिन, फिट्सचे फेनिटॉइन, रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल यांचेही रक्तातले प्रमाण वाढवू शकते. घरचा काढा घेतलेला रुग्ण आयसीयूत दाखल होतो आणि काढ्याविषयी कुणी बोलत नाही, तेव्हा डॉक्टर अंधारात डोस ठरवत असतात.

कोविडच्या काळात महाराष्ट्रात एक पद्धतशीर प्रयत्न झाला. मलेरियासाठी पूर्वी बनवलेले ‘आयुष ६४’ हे औषध सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा यांचे असते. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या समन्वयाने वर्धा, मुंबई आणि लखनौ इथे त्याची १४० रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे औषध घेतलेल्यांना साधारण दीड-दोन दिवस आधी बरे वाटले. चाचणी लहान होती, कुणाला औषध मिळते आहे हे उघड होते आणि मुख्य म्हणजे रुग्ण सौम्य व मध्यम स्वरूपाचे होते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाविषयी तिच्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलेली उपचारसूचीही लक्षणे नसलेल्या आणि सौम्य रुग्णांपुरतीच होती, आणि ते योग्यच होते.

इथे चीन आणि भारत यांच्यातला कायद्याचा फरकही ध्यानात घ्यावा. आपल्या औषध कायद्यातल्या आयुर्वेदिक पेटंट औषधांच्या व्याख्येत इंजेक्शन बसतच नाही. वनस्पतींच्या शुद्ध अर्कांसाठी २०१५ मध्ये आलेल्या नियमांतही शिरेतून द्यायची औषधे वगळली आहेत. म्हणजे श्वेबिजिंगसारखे औषध भारतात आयुर्वेदाच्या नावाने आज येऊच शकत नाही. चीनमध्ये वनस्पतींच्या काही इंजेक्शनांनी तीव्र अॅलर्जीचे प्रसंग ओढवले आहेत, हे पाहता ही सावधगिरी रास्त वाटते.

मेळ माणसांचा

मराठवाड्यात दोन वैद्यकांचा खरा मेळ औषधांत झालेला नाही, तो माणसांत झाला आहे. वैजापूर, सिल्लोड, कन्नडच्या वस्तीवर रुग्ण पहिल्यांदा ज्या डॉक्टरकडे जातो ते बहुतेक वेळा बीएएमएस असतात. महाराष्ट्रात त्यांना आधुनिक औषधे देण्याची मुभा आहे. २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या रुग्णवाहिकेत ऑक्सिजन लावणारा हात बऱ्याचदा आयुर्वेदाच्या पदवीधराचा असतो. शहरातल्या अनेक खासगी रुग्णालयांत रात्रपाळीला अतिदक्षता विभाग सांभाळणारे डॉक्टर हेच. संभाजीनगरच्या कांचनवाडीत, धाराशिवला, नांदेडला आयुर्वेद महाविद्यालये आहेत. तिथून दर वर्षी अशा तरुण डॉक्टरांची तुकडी बाहेर पडते. गंभीर न्युमोनिया वेळेत ओळखायचा की नाही, हे मराठवाड्यात पुष्कळदा यांच्या हातात असते.

असा मेळ किती जीव वाचवू शकतो हे महाराष्ट्राने जगाला दाखवले आहे, तेही गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावोगावच्या आरोग्यदूतांना आणि बाळंतपणे करणाऱ्या दायांना न्युमोनिया ओळखायला शिकवले. दायांपैकी अनेकींना अंक वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी श्वास मोजायचे एक साधन तयार केले: फळीवर एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेवर मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर हा न्युमोनिया समजायचा आणि को-ट्रायमॉक्साझोल सुरू करायचे. ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात उपचार मिळालेल्या गावांत न्युमोनियाने होणारे बालमृत्यू दर हजार मुलांमागे ८.१ होते, तर तुलनेच्या गावांत १७.५. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

इथे परंपरेकडून घेतले ते औषध नव्हते, विश्वास होता. दाई घरातली होती, आई तिचे ऐकत होती, रात्री-अपरात्री ती येत होती. औषध आधुनिक होते, मोजमाप आधुनिक होते. दोन्हीकडचे जे बळकट होते तेवढेच एकत्र आले.

बेहिशेबी मिसळण्याचा फटका

उलट उदाहरण संभाजीनगरने २०२१ च्या उन्हाळ्यात सोसले. दुसऱ्या लाटेपाठोपाठ घाटीत आणि शहरातल्या रुग्णालयांत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचे, शेकडो रुग्ण आले. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा जबडा. बेताल मधुमेह आणि स्टेरॉइडचा बेहिशेबी वापर ही त्यामागची मोठी कारणे होती. स्टेरॉइड हे आधुनिक औषध आहे. योग्य रुग्णाला, योग्य वेळी, मोजून दिले तर ते जीव वाचवते. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांतले मृत्यू डेक्सामेथासोनच्या रोज सहा मिलिग्रॅमने सुमारे एक तृतीयांशाने घटले. तेच औषध ऑक्सिजनची गरज नसलेल्याने घरी बसून खाल्ले तर हानीच होते. नियम पॅथी पाहून बदलत नाही.

गुळवेलीचेही तसेच झाले. प्रतिकारशक्तीच्या नावाखाली लोक महिनोन्महिने गुळवेल पीत राहिले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वेलीची ओळख पटवली होती का असे विचारले. प्रश्न वाजवी होता, पण त्याचा अर्थ आणखी गंभीर आहे: रुग्ण नेमकी कोणती वेल पीत होता हे कुणालाच ठाऊक नव्हते.

मेळ कसा असावा

या सगळ्यातून निघणारे उत्तर सरळ आहे. गंभीर न्युमोनियात ऑक्सिजन, अँटिबायोटिक आणि अतिदक्षता यांना पर्याय नाही. पारंपरिक औषधाला जागा आहे ती त्यांच्या जोडीला, आणि तीही चाचणीत उतरल्यावर. ज्या कसोटीने डेक्सामेथासोन तपासले त्याच कसोटीने सातवीण आणि पिंपळी तपासावी. चीनकडून घ्यायचे ते औषध नव्हे, ही हिंमत घ्यायची: आपले औषध सलाईनसमोर उभे करून हरण्याची तयारी ठेवणे. आयुष मंत्रालय आणि आयसीएमआर यांनी मिळून काही एम्समध्ये, त्यांत नागपूरच्याही, एकात्मिक संशोधन केंद्रे सुरू केली आहेत. घाटीत रुग्णांची संख्या आहे, आयुर्वेद महाविद्यालयांत जाणकार आहेत. दोघांनी मिळून एक लहान, पण नेटकी चाचणी केली तरी मराठवाड्याचे नाव होईल. न्युमोनियातून उठल्यावर महिनोन्महिने थकवा जात नाही, भूक लागत नाही. तिथून सुरुवात करता येईल, कारण तिथे धोका कमी आणि आयुर्वेदाला सांगण्यासारखे जास्त आहे.

घरच्यांनी लक्षात ठेवायचे ते फार नाही. खोकला-ताप असलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला तीसला पोहोचले, बोलताना धाप लागली, तो गोंधळल्यासारखा वागू लागला किंवा बोटावरच्या ऑक्सिमीटरने ९४ च्या खाली आकडा दाखवला, तर काढा बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. ९० च्या खाली गेला तर १०८ ला फोन करायचा. म्हाताऱ्या माणसात ताप नसतानाही न्युमोनिया असू शकतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ, वर्षाच्या आतल्याचे पन्नास, पाच वर्षांपर्यंतच्याचे चाळीस किंवा अधिक श्वास होत असतील, किंवा श्वास घेताना छातीखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. पोटावर चटके, बिब्बा, डाग यांना तर जागाच नको. न्युमोकॉकसविरुद्धची पीसीव्ही लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती चुकवू नये.

आणि एक विनंती. रुग्णालयात दाखल होताना घरात दिलेला प्रत्येक काढा, चूर्ण, भस्म, पुडी आणि इंजेक्शन डॉक्टरांना न संकोचता सांगा. डॉक्टरांनीही ते न रागावता केसपेपरवर लिहून घ्यावे. दोन वैद्यकांचा प्रामाणिक मेळ त्या एका ओळीपासून सुरू होतो, आणि ती लिहायला कोणत्याही चाचणीची, निधीची किंवा परवानगीची गरज नाही.